टोपड्यातलं गाव

सुमैरा मुलाणीला कुणी विचारलं, की बाई तू नेमकं शिकतेस तरी काय, तर ती आधी समोरच्याचं वय बघायची आणि मग उत्तर द्यायची. कॉलेजातल्या माणसाला ती सांगायची, "आभासी वास्तवातल्या जागा आणि त्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास." एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगायची, "कॉम्प्युटरचं आहे काहीतरी." बापाला, मौला मुलाण्याला, मात्र तिनं एकदा नीट फोड करून सांगितलं होतं. "अब्बा, डोळ्याला एक यंत्र बांधायचं. मग जे घर कुठंच न्हाई त्यात मानूस फिरतं. ते कसं फिरतं, कुठं थांबतं, कुनाला लाजतं, ते मी बघते." मौलानं दाढी खाजवली आणि म्हणाला, "आनि ह्याचा पगार मिळतो?" सुमैरा म्हणाली, "मिळंल की पुढंमागं." मौलाला त्यातलं फारसं काही समजलं नव्हतं. पण आपल्या पोरीचं डोकं आपल्या पुढं गेलंय हे त्यानं केव्हाच मान्य केलं होतं, आणि वाडीत चार जणांत बसलं की तो ते सांगतही असे.

वाडी म्हणजे भैरूची वाडी. पाटणच्या वर, डोंगराच्या एका सोंडेवर बसलेली. सगळी घरं मराठ्यांची, आणि पाराच्या खालच्या अंगाला एकच घर मुलाण्याचं. भैरोबाच्या जत्रेत बकऱ्यावर पहिली सुरी फिरवायचा मान मौलाचा, त्याच्या आधी त्याच्या बापाचा. मौलाचा हात लागल्याशिवाय वाडीत कुणाची चूल पेटत नसे त्या दिवशी. बाकी वर्षभर तो कोंबड्या पाळायचा, थोडी भातशेती करायचा, आणि निवांतपणे सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसायचा. त्याला सगळे जण नावं ठेवायचे आणि त्याच्यावाचून कुणाचं चालायचंही नाही.

सुमैरा अंगावर पीत होती तेव्हाच तिची आई गेली. वरच्या घरातल्या राहीबाईचा शिवतेज तेव्हा तेवढाच होता. राहीबाईनं फार विचार केला नाही. एका बाजूला शिवतेज आणि दुसऱ्या बाजूला सुमैरा, अशी दोन्ही लेकरं तिनं पदराखाली घेतली. शिवतेज पुढं फौजेत गेला, सुमैरा सांगलीला शिकायला. पण राहीबाईचं मुलाण्याच्या घरात जाणं-येणं तसंच राहिलं, म्हणजे विचारून नव्हेच. ती थेट स्वयंपाकघरात शिरायची, डब्यांची झाकणं उघडून बघायची, मीठ संपलं असेल तर मौलावर तोंड सोडायची. सुट्टीत सुमैरा आली की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आली का भवानी! हाडं वर आल्यात नुसती. तिकडं काय कागद खाती व्हय गं?" सुमैराला त्या शिव्या ऐकल्या की घरी आल्यासारखं वाटायचं.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्वावर म्हणजे नोकरी आहे असं सांगता येतं आणि आहे असं वाटत मात्र नाही, असा प्रकार. त्यातच तिची पीएचडी चालू होती. तिच्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम हुशार बाई. त्यांनी तिला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "यंत्राच्या नादी लागू नकोस. यंत्र इंजिनिअर बघतील. आपण माणूस बघायचा." मग त्यांनी तिला एकेक सिद्धांत वाचायला लावले. पहिला असा, की जागा म्हणजे रिकामा डबा नव्हे, माणसं जशी वागतात तशी जागा घडत जाते, मग ती दगडाची असो की पडद्यावरची. दुसरा असा, की माणूस कुठंही गेला तरी त्याचं अंग त्याचा समाज बरोबर घेऊन जातं. तिसराही एक होता. प्रत्येक घराला एक दर्शनी भाग असतो आणि एक मागची बाजू, दर्शनी भागात माणूस लोकांसाठी वागतो आणि मागं गेल्यावर स्वतःसारखा वागतो. हा तिसरा सिद्धांत सुमैरानं दुसऱ्या प्रकरणात व्यवस्थित मांडला, तळटिपा दिल्या, आणि पुस्तक लायब्ररीत परत केलं.

तिचं मन रमलं ते दुसऱ्या सिद्धांतात. तिला वाडीतला पार आठवायचा. पारावर पुरुष बसलेले असत, म्हणून बायका त्याच्या समोरून जात नसत. पाणवठ्यावर जायचं तर गोठ्यांच्या मागनं, शेणातनं वाट काढत जायच्या. दुपारी पार रिकामा असला तरी मागनंच. मग समजा, यंत्रातल्या गावात पार असेल आणि त्यावर चिटपाखरू नसेल, तर बाई समोरून जाईल का? सुमैरा म्हणायची, जाणार नाही. हे तिला सिद्ध करायचं होतं. एवढ्या एका गोष्टीसाठी तिनं तरुणपणाची चांगली वर्षं घातली होती, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

मग एका पावसाळ्यात वाडीच्या वर डोंगराला भेग पडली. नाथाजीच्या म्हशीचं रेडकू तिच्यात पाय अडकून ओरडत बसलं तेव्हा ती लोकांना दिसली. नाथाजी वाडीतला जाणता माणूस, त्यानं भेगेत काठी घालून बघितली आणि काठी हाताला परत लागली नाही. साहेब लोक आले, मोजमापं झाली, आणि वाडी इथून हलवायची असं ठरलं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आसपासच्या डोंगरांनी काय केलं होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. प्रश्न एवढाच होता, की हलवायची कुठं.

जागा दोन होत्या. एक म्हणजे ओढ्यापलीकडचं गायरान. तिथून शेतं चालत जाण्याच्या अंतरावर राहत होती, आणि वर मान केली की भैरोबाचं देऊळ दिसत होतं. दुसरी जागा पार तिकडं माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं, उघड्या माळावर. गायरानाला वनखात्याची परवानगी लागणार होती आणि ती कुठल्या टेबलावर होती कुणास ठाऊक. माळ मात्र सपाट होता, सरकारी होता आणि तयार होता. वाडीला गायरान हवं होतं. लहानथोर, बाया-बापड्या, सगळ्यांना तेच हवं होतं, आणि पुढं जे काही झालं ते या एका गोष्टीवर झालं.

पुण्याच्या एका कंपनीला सरकारकडून माळावरच्या नव्या वसाहतीचं आभासी चित्र करायचं काम मिळालं. लोकांना आधीच घर फिरून दाखवायचं, अशी कल्पना. कंपनीच्या वतीनं रविराज नावाचा तरुण आला. सभ्य पोरगा, बोलायला गोड, वाडीत कुणालाही बघितलं की वाकून नमस्कार करायचा. लोक यंत्रात कसे वागतात याच्या नोंदी घ्यायला त्याला समाजशास्त्राचं माणूस हवं होतं. प्रियदर्शनी मॅडमनी सुमैराचं नाव सुचवलं. स्वतःचं गाव, स्वतःचा विषय, आणि यंत्रं फुकट. पीएचडी करणाऱ्याला याहून मोठं घबाड मिळत नाही.

सुमैरानं एकच विचारलं. "गायरानाचंही असं चित्र करणार ना?"

"करू की मॅडम," रविराज म्हणाला. "आधी हे एक करून बघू. हा फक्त अभ्यास आहे."

तिनं मान डोलावली. तिथं तिनं थोडं भांडायला हवं होतं. पण डोळ्यासमोर रिकामा पार होता, आणि त्याच्या मागनं जाणाऱ्या बायका होत्या.

खालच्या शाळेतला मोठा वर्ग रिकामा करून तिथं यंत्रं मांडली. राहीबाईनं ते डोक्याला लावायचं यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "हे तर टोपडं हाय की गं. तान्ह्या पोराला घालत्यात तसलं." तेव्हापासून सगळी वाडी त्याला टोपडंच म्हणायला लागली. पहिला मान राहीबाईचाच. टोपडं घातल्यावर ती क्षणभर दचकली, मग सावरली. नव्या घराच्या दारात आली तशी तिनं शाळेच्या फरशीवर पायातल्या चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मोठ्यानं हाक दिली, "हाय का घरात कोन?" वर्गातली सगळी माणसं खो खो हसली. सुमैरा हसली नाही. तिच्या अंगावर काटा आला होता.

राहीबाई आत गेली. हात लांब करून भिंत चाचपली. नळाची तोटी पिरगाळल्यासारखं केलं. स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावली आणि तिथूनच मागं फिरली. टोपडं काढल्यावर सुमैरानं विचारलं, "कसं वाटलं काकी?"

"लय झ्याक. हवेशीर हाय. पानी घरात हाय. देव बरकत देवो."

मग एकेक जण आला. नाथाजी दारात खाकरला. मौलानं छताकडं बघून मान हलवली आणि म्हणाला, "काम चांगलं केलंया." आणि बायका! यंत्रातल्या गावात मधोमध एक पार होता, रिकामा, आणि एकूण एक बाई त्याला वळसा घालून घरांच्या मागच्या भिंतीला घासून गेली. समोर शाळेचा वर्ग होता, वळसा घालायला काहीच नव्हतं, तरी त्या कडेला सारलेल्या बाकांना अडखळत गेल्या. सुमैराचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जे पुस्तकात वाचलं ते तिच्या काकी-मावशांच्या पायांत उतरलेलं ती बघत होती. त्या दिवशी ती खरोखर सुखी होती, आणि एवढं सुख तिला नंतर कधी मिळालं नाही.

अहवाल तिनं झपाट्यानं लिहिला. शेवटी एक वाक्य घातलं. ते लिहिताना ती फार खूश होती. 'ग्रामस्थांनी आभासी वसाहतीत प्रत्यक्ष घरात वागावं तसं वर्तन केलं असून ही जागा त्यांनी मनानं स्वीकारल्याचं दिसतं.' रविराजनं ते वाचून फोन केला आणि म्हणाला, मॅडम, अप्रतिम.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी राहीबाईचा भाऊ हंबीरराव यानं विश्रामबागेत बंगला बांधला. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेला, मिशा अजून सरळ. वास्तुशांतीला राहीबाई वाडीवरून आली, आणि सुमैरा गावातच म्हणून तिलाही बोलावणं होतं. हंबीरराव एकेक खोली दाखवत पुढं चालला होता आणि मागं राहीबाई. सुमैरा तिच्या मागं.

राहीबाईनं दारात चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. भिंतीवरून हात फिरवला. नळ सोडून बघितला. स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावली आणि तिथूनच मागं फिरली. मग भावाकडं बघून हसली आणि म्हणाली, "लय झ्याक बांधलंस बाबा. हवेशीर हाय. देव बरकत देवो."

सुमैराच्या हातातला प्रसादाचा शिरा तसाच राहिला.

बाहेर पडल्यावर रिक्षाची वाट बघत दोघी कोपऱ्यावर उभ्या होत्या. राहीबाईनं पदर खाली घेतला, मागं वळून बंगल्याकडं बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "काय मेलं ते घर! खुराडं नुसतं. वारं कुठनं यायचं आत? न्हानीच्या शेजारी देव मांडलाय. पैसा हाय, अक्कल न्हाई."

"मग त्याला का न्हाई सांगितलंस?"

"खुळी का काय तू! मानसानं हौसेनं घर दावलं आनि आपून नाव ठेवायचं? लोकाच्या दारात जाऊन?"

तिला जे विचारायचं होतं ते विचारायची छाती होत नव्हती. तरी तिनं विचारलं. "काकी, आनि ते टोपड्यातलं घर?"

"ते व्हय? त्यात कोन ऱ्हाईल गं! म्हस कुठं बांधायची? मागलं दारच न्हाई त्या घराला. आनि माळ कसला, झाडाचं पान न्हाई." राहीबाई हसली. "आमी म्हनलं, दावू द्या बापड्याला."

"मग तवा झ्याक हाय म्हनून का सांगितलंस?"

राहीबाईनं तिच्याकडं नवल वाटून बघितलं. "अगं, एवढी यंत्रं घिऊन आल्ते लोक. आनि मदी तू उभी. आमच्या सुमीनं केलंया म्हनल्यावर त्याला नाव कोन ठेवंल? तुजी मान खाली गेली आसती त्या पोराफुडं. नाथाजीनं सगळ्यास्नी सांगूनच ठिवल्यालं, पोरीचं काम हाय, कुनी वाकडं बोलू नका."

रिक्षा आली. राहीबाई आत बसून तिला हाक मारत होती आणि सुमैरा कोपऱ्यावर खिळल्यासारखी उभी होती. अंग समाज बरोबर नेतं, हे खरंच होतं. फक्त वाडी त्या घरात घरवाली म्हणून गेलीच नव्हती, पाहुणी म्हणून गेली होती. म्हणून पदर, म्हणून हाक, म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून मागं फिरणं. स्वतःच्या घरात राहीबाई कधी हाक मारून शिरली होती? मुलाण्याच्या घरात तरी हाक मारून शिरली होती का? हे सुमैराला दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं, असं नाही. दर्शनी भाग आणि मागची बाजू तिनं स्वतःच्या हातानं दुसऱ्या प्रकरणात लिहून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ती प्रियदर्शनी मॅडमकडं गेली आणि सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. "सुमैरा, हे फार सुंदर आहे. आभासी जागेतलं पाहुणेपण! यावर कुणीच लिहिलेलं नाही. हेच तुझं मुख्य प्रकरण."

"मॅडम, पण वाडी?"

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या वाईट बाई नव्हत्या. "रविराजला फोन कर," त्या म्हणाल्या, आणि स्वर असा होता की फोनचा उपयोग होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

रविराज नेहमीसारखाच नम्र. "मॅडम, अहवाल वर गेला. त्याच्यावर जमिनीचं ठरायला लागलंय. पण ग्रामसभा आहे ना. तिथं येऊन बोला, कुणी अडवलंय?"

म्हणून ती ग्रामसभेला गेली. त्याच शाळेत, त्याच वर्गात. पुनर्वसनाचं बघणारे साहेब खुर्चीवर बसले होते. वाडीनं त्यांना चहा दिला, भजी दिली, नाथाजीनं पानाचं ताट पुढं केलं. कामाचा विषय निघाला तसा नाथाजी हात जोडून उभा राहिला. "सायेब, आमाला गायरान पायजे."

"गायरानाची परवानगी यायला वर्षं जातील, आजोबा. पावसाळा तोंडावर आहे. उद्या डोंगर आला तर जबाबदार कोण?" साहेब शांतपणे म्हणाले. "आणि माळावरचं घर तर तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. सगळ्यांनी चांगलं म्हटलंय. हे बघा, तुमच्याच गावच्या मॅडमनी लिहिलंय."

तेव्हा सुमैरा उठली. रात्रभर पाठ केलेलं सगळं ती विसरली. "साहेब, ते वाक्य चुकीचं आहे. मी चुकले. या लोकांनी जे सांगितलं ते खरं नव्हतं. ते फक्त..."

"म्हणजे ग्रामस्थ खोटं बोलले?"

सुमैरा म्हणाली, "खोटं नाही साहेब, तसं नाही. पाहुण्यासारखं..." पण पुढचं वाक्य जुळेना. कॉलेजात तिला हे अर्धा तास सांगता आलं असतं. इथं, राहीबाईच्या आणि नाथाजीच्या आणि बापाच्या समोर उभं राहून, तुम्ही मनातलं बोलला नव्हता, हे साहेबाला कसं सांगायचं ते तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

साहेबांनी अहवाल चाळला. त्यात राहीबाईचा फोटो होता, टोपडं घातलेला, पदर डोक्यावर. "या आजी इथं आहेत का? आजी, तुम्हीच सांगा. तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात?"

राहीबाई उठली. तिनं आधी साहेबांकडं बघितलं, मग सगळ्या वाडीकडं, आणि शेवटी सुमैराकडं. सुमैराला वाटलं, आता सांगेल, कोपऱ्यावर सांगितलं तसं सगळं सांगेल. पण आयुष्यात कुणी राहीबाईला लबाड म्हणालं नव्हतं, आणि आता तो शब्द तिच्या दुधावर वाढलेल्या पोरीनं भर सभेत आणून ठेवला होता.

"मी खोटं कशाला बोलू सायेब," ती म्हणाली. "घराला नाव ठेवन्यासारखं काय न्हाई."

"आणि तुम्ही, आजोबा?"

नाथाजीनं मान खाली घातली. "चांगल्याला चांगलंच म्हनायचं, सायेब."

"मग झालं तर. माळाला संमती असेल त्यांनी हात वर करा."

मौला मागं भिंतीला टेकून उभा होता. तो काहीतरी बोलायला पुढं आला, आणि मग पोरीकडं बघून थांबला. हात वर झाले. आधी दोन, मग हळूहळू सगळेच. सभा उठल्यावर राहीबाई सुमैराच्या अंगावरून गेली. सुमैरा वाट बघत होती, आता भडकेल, आता कान धरेल. राहीबाई बाकावरची कपबशी उचलून निघून गेली.

वाडी हलली. ट्रकातून भांडीकुंडी गेली, जनावरं आधीच विकली गेली होती. भैरोबा मात्र जागचा हलवत नाहीत, म्हणून तो वरच राहिला. मौलाला माळावर इतरांसारखंच घर मिळालं. त्यानं ते उघडून बघितलं, कुलूप घातलं आणि किल्ली सुमैराच्या हातात दिली. "ज्या गावात भैरोबा न्हाई तिथं मुलान्याचं काय काम?" तो म्हणाला, आणि फलटणला भावाच्या मटणाच्या दुकानात हाताखाली राहायला गेला. डोंगर अजून उभा आहे. भेग आहे तेवढीच आहे.

सुमैराची पीएचडी झाली. पाहुणेपणाच्या प्रकरणाचं परीक्षकांनी फार कौतुक केलं. असं लिहायला आतलाच माणूस लागतो, असं एक जण म्हणाले. ते ऐकताना तिला कुठं बघावं ते कळेना. त्यानंतरही ती तासिका तत्त्वावरच शिकवत राहिली, कारण जागा निघाली नव्हती आणि निघणारही नव्हती.

एका उन्हाळ्यात कुलूप लावलेलं घर बघायच्या निमित्तानं ती माळावर गेली. घरं एका ओळीत, एकसारखी, यंत्रात होती अगदी तशीच. यंत्रात ऊन लागत नव्हतं, एवढाच फरक. राहीबाईचं घर शोधायला तिला विचारावं लागलं. चिठ्ठ्या टाकून घरं वाटल्यामुळं कोण कुणाच्या शेजारी ते लोकांनाही नीट पाठ झालं नव्हतं.

राहीबाईनं दार उघडलं. "आलीस व्हय. ये, बस." तिनं प्लॅस्टिकची खुर्ची पदरानं पुसून पुढं ठेवली. पंखा लावला. मग आत जाऊन ट्रेमधून चहा आणला, बशीत बिस्किटं मांडून. "उनाचं आलीस. गाडीला गर्दी व्हती का? सांगलीत पाऊसपानी?" सगळं नीट, हळू आवाजात. सुमैरानं शिवतेजची विचारपूस केली. बरा हाय, असं उत्तर मिळालं. म्हैस न्हाई आता, दूध पिशवीचं हाय, असंही राहीबाईनं सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे.

सुमैरा वाळून निम्मी झाली होती. राहीबाईच्या ते नजरेला पडलं नसेल असं होणार नाही. पण त्यावर ती काही बोलली नाही.

शेवटी सुमैरालाच राहवलं नाही. "काकी, एकदा भांड ना गं माझ्याशी. काय पायजे ते बोल. मी वाडी घालवली."

"आसं कशाला म्हनतीस," राहीबाई म्हणाली. "तू तुजं काम केलंस. शिकल्याली मानसं तुमी." आणि तिनं बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

सुमैरानं चहा संपवला आणि कप विसळायला म्हणून उठून आत निघाली. लहानपणापासून ती खरकटा कप बाहेर ठेवून कधी उठली नव्हती. राहीबाई चटकन आडवी आली, तिच्या हातातला कप काढून घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. आत लय पसारा हाय," ती म्हणाली. "तू भाईरच बस."

सुमैरा परत येऊन खुर्चीवर बसली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. परतीच्या गाडीला अजून बराच वेळ होता.